उतरवून घेतलेली वही

काकूंकडे नवा प्रिंटर लावायला गेलो होतो, एवढंच काम होतं. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं त्यांचं जुनं घर, पुढच्या दोन खोल्यांत कारखाना, कारखाना म्हणजे तीन बायका, दोन मोठ्या कढया, एक छोटी गिरणी आणि कोपऱ्यात मी आठ वर्षांपूर्वी बसवून दिलेला कॉम्प्युटर, ज्याच्या कीबोर्डच्या फटींमध्ये मेतकुटाचा पिवळा थर कायमचा बसलाय. त्या दिवशी डाळी भाजणं चालू होतं. हरभऱ्याच्या डाळीचा वास आधी येतो, मग उडदाचा, तो जरा जड असतो, आणि शेवटी मेथ्या आणि सुंठ पडली की नाकात आतून कोणीतरी हळूच टोचल्यासारखं होतं. मी जुना डॉट मॅट्रिक्स काढला, थर्मल प्रिंटर जोडला, टेस्ट प्रिंट काढली. काकूंची नात, यंदाच बीसीएला गेलीये, माझ्या मागे उभी राहून बघत होती. ती अगदी सहज म्हणाली, "काका, हा बिलाचा प्रोग्राम तर आमच्या लॅबमध्ये आहे. सरांनी परवाच दाखवला. सेम स्क्रीन, सेम बटणं. फ्री आहे तो, डाउनलोड करायचा फक्त." मग जरा थांबून म्हणाली, "तिथे नाव दुसरं होतं पण."

काकू काट्यावर पुड्या भरत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. पुडी भरली, तोंड मुडपलं, सील मशीनखाली दाबली आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "फुकटचं होतं का रे ते? मग आपण बावीस हजार कसले दिले?" आवाजात राग नव्हता, हिशेब विचारावा तसं विचारलं, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. मी म्हटलं, "काकू, ते सेटअपचे. जीएसटीचं सगळं करून दिलं होतं ना." हे खोटं नव्हतं. पण २०१७ साली मी दिलेलं बिल मला पाठ होतं. त्यावर सेटअप हा शब्दच नव्हता. त्यावर होतं, बिलिंग सॉफ्टवेअर, नग १, रुपये २२,०००.

नग १.

घरी येताना स्कूटरवर तेच डोक्यात. ते पैसे काकूंनी तीन हप्त्यांत दिले होते, पहिला हप्ता रबर लावलेल्या नोटांचा, नोटांना हिंगाचा वास. त्या पैशांबद्दल मला कधीच वाईट वाटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटत नाही, कारण तेव्हा मी सलग पंधरा रात्री जागलो होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, पापडाला कर नाही, लोणच्याला आहे, गावातल्या दुकानदाराला एक हिशेब, महाराष्ट्रात पार्सल गेलं की दुसरा, हे सगळं त्या परदेशी प्रोग्राममध्ये बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा उसवून आपल्या अंगाला शिवून घेणं. ते मी केलं होतं. मग टोचतंय काय? टोचत होतं ते पोरीचं दुसरं वाक्य. तिथे नाव दुसरं होतं. कारण ते नाव मीच काढलं होतं. प्रोग्राम उघडला की ज्या छोट्या खिडकीत मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्स दिसायचं ती खिडकी काढून मी तिथे माझ्या फर्मचं नाव टाकलं, लायसन्सची फाइल डिलीट केली आणि सगळा कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, असा बांधून दिला की कोणाला उघडून वाचताच येऊ नये.

आमचं घर रामबागेत. २००४-०५ च्या सुमाराला मी इंजिनीअरिंगला होतो आणि आमच्या बॅचला सॉफ्टवेअर विकत घ्यायची वस्तू असते हेच माहीत नव्हतं. टर्बो सीची ती निळी स्क्रीन, सगळ्या लॅबमध्ये तीच, सगळ्यांच्या घरी तीच, कुठून आली कोणी विचारत नसे. काचेच्या शोकेसमध्ये कॉपी केलेल्या सीडी मिळायच्या, मार्करने नाव लिहिलेल्या, पन्नास रुपयाला काहीही. तशात मला लिनक्स भेटलं, विंडोजच्या जागी फुकट टाकता येणारं. खजुरी बाजारात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात एका अंकाला सीडी चिकटवलेली सापडली, तिथून सुरुवात. मग उबुंटू नावाच्या लिनक्सचे लोक जगभर पोस्टाने सीडी पाठवतात असं कळलं, पत्ता भरला आणि विसरून गेलो, आणि काही आठवड्यांनी पोस्टमन खरंच एक पाकीट घेऊन दारात. परदेशी तिकिटं, आत छापील सीडी, शाईचा आणि नव्या कागदाचा वास. एक पैसा घेतला नाही कोणी. पोस्टाचा खर्चसुद्धा त्यांचा. (ती योजना २०११ मध्ये बंद झाली, पण माझ्या कपाटात त्यातली एक सीडी अजून आहे, लावून बघायला ड्राइव्ह उरला नाही.)

मी काय केलं, तर फेडोरा नावाचं दुसरं लिनक्स उतरवून घेतलं, चार सीडींचा सेट, सिल्वर मॉलमधून कोऱ्या सीडींची बरणी आणली आणि रात्री बसून सेट लिहायचे, कॉलेजमध्ये एकशेवीस रुपयाला द्यायचे. चौथी सीडी शेवटाला येऊन बिघडायची कधीकधी, मग पुन्हा पहिल्यापासून. असंच एका रात्री आजोबा पाणी प्यायला उठले आणि टेबलाशी थांबले. म्हणाले, "कोणाचं आहे हे?" मी म्हटलं, "सगळ्यांचं आहे आजोबा. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय, कोणीही घ्यावं." ते म्हणाले, "मग तू पैसे कसले घेतोस?" मी जरा चिडलोच, म्हटलं, सीडीचे घेतो आणि माझ्या जागरणाचे घेतो. आजोबांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "बिदागी म्हण की मग सरळ."

आजोबा कीर्तनकार होते. नारदीय. नोकरी शाळेत, पण ओळख कीर्तनाची. चातुर्मासात पंढरीनाथच्या देवळात, रामनवमीला, कोणाच्या घरी सत्यनारायण असला तर तिथे, पगडी, उपरणं, मागे पेटी आणि तबला. पूर्वरंगाला एक अभंग घ्यायचे, त्याचं निरूपण, मग मध्यंतरात बुक्का, हार, मग उत्तररंगात आख्यान. आता बघा, अभंग त्यांचा नाही. आख्यान पुराणातलं, तेही त्यांचं नाही. चाली गुरूंच्या. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना तो अभंग पाठ. मग बिदागी कसली? हा प्रश्न आमच्याकडे नवा नाहीच, तुकोबांनी तर कीर्तनाचे पैसे घेणारा आणि देणारा दोघंही नरकात जातात असं रोखठोक सांगून ठेवलंय. वारकरी कीर्तनकारांना तो दंडकच. नारदीयांत बिदागी चालते, पण आजोबांना त्या अभंगाची भीती वाटायची असं मला वाटतं. एकदाच मी त्यांना तो पूर्वरंगाला घेताना ऐकलं, आवाज एरवी खणखणीत, त्या शेवटच्या चरणाला खाली आला. आणि तरी त्यांनी बिदागी घेतली, आयुष्यभर घेतली, कारण पेटीवाले आणि तबलेवाले यांची घरं त्यावर चालायची. नियम दोनच होते त्यांचे. आकडा आपण सांगायचा नाही आणि पाकीट हातात आलं की आधी साथीदारांचं काढायचं, उरेल ते आपलं.

आणि नाव. अभंगात शेवटच्या चरणात नाव असतं. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. ते गाळून अभंग म्हणताच येत नाही, चालच अडखळते. शेकडो वर्षं हजारो तोंडांतून ते फिरले, कुठे शब्द बदलला, कुठे चाल बदलली, वह्यांमध्ये चुका झाल्या, पण नाव बरोबर चालत राहिलं. कोणी कीर्तनकाराने तिथे स्वतःचं नाव घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि मी काकूंच्या कॉम्प्युटरवर नेमकं तेच केलं होतं.

आजोबांकडे आख्यानांची वही होती, जाड पुठ्ठ्याची, पानांच्या कडा तपकिरी झालेल्या, उघडली की कापूर आणि जुना डिंक असा वास. कुठे कुठली साकी, कुठली दिंडी म्हणायची, कुठे विनोद घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं त्यात. बहुतेक कीर्तनकार अशी वही कोणाला दाखवत नाहीत, धंद्याचं भांडवल ते. आजोबा दाखवायचे. ग्वाल्हेरहून, देवासहून तरुण पोरं यायची, आमच्या ओसरीवर बसून वही उतरवून घ्यायची, आजी त्यांना चहा आणि पोहे द्यायची, वरून शेव आणि जिरावण. दोन-दोन दिवस मुक्काम असायचा. त्यातल्या एकाने पुढे चांगलं नाव काढलं. मग कधीतरी कळलं की कोणी दुसरा मुलगा त्याच्याकडे वही मागायला गेला तेव्हा त्याने सरळ नाही म्हणून सांगितलं, ही माझी आहे म्हणाला. आजोबा काही बोलले नाहीत. दोन दिवस काहीच बोलले नाहीत, जेवताना सुद्धा नाही, आणि आजी म्हणाली, जाऊ द्या, पोटाला आहे त्याच्या. तेव्हा मला आजोबांचा तो अबोला जास्तच वाटला होता. एवढं काय त्यात, असं.

वहीला नाही म्हणणारा तो मुलगा आता मी आहे, हे मला त्या दिवशी स्कूटर गेटमधून आत घेताना कळलं आणि मी गेट तसंच उघडं टाकून बराच वेळ उभा राहिलो.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते, मलाही होती, पण ती मी नेहमी तत्त्वज्ञानाची गोष्ट म्हणून ऐकली. त्या रात्री ती वहीची गोष्ट वाटली. अमेरिकेतल्या एमआयटीत त्याच्या लॅबमध्ये एक नवा लेझर प्रिंटर आला, कागद सारखा अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्याने बदल करून ठेवला होता, काही अडकलं की वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. नव्यात तसं करायला कोड हवा, तो मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे होता, हा तिथे जाऊन समोर उभा राहिला आणि मागितला, तो म्हणाला, देता येणार नाही, मी कोणाला दाखवणार नाही असं लिहून दिलंय. बस, एवढंच. ओसरीवरून परत पाठवलं. त्यातून २७ सप्टेंबर १९८३ ला त्याने ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडून कामाला लागला. आणि नोकरी सोडली तर खाणार काय? १९८५ मध्ये त्याने ईमॅक्स हा आपला कोड लिहायचा एडिटर टेपवर भरून विकायला सुरुवात केली, एक टेप १५० डॉलर. ज्याच्याकडे नेटवर्क होतं तो फुकट उतरवून घेऊ शकत होता, ज्याला टेप हवी त्याने पैसे द्यायचे. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर विकायचं की नाही हा वाद जिथून सुरू होतो तिथे पहिला विक्रेता खुद्द तोच आहे. त्याचं म्हणणं आजही तेच, हवे तेवढे पैसे घ्या, कमी घेतले म्हणजे पुण्य लागतं असं काही नाही. जीपीएल, म्हणजे ग्नूचं लायसन्स, त्याच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर स्पष्ट लिहिलंय की प्रत देताना कितीही किंमत लावा किंवा लावू नका.

लिनक्सचं मात्र उलट झालं होतं, हे मला सीडी विकायच्या दिवसांत माहीत असतं तर आजोबांना सांगितलं असतं. लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये पहिल्यांदा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दिला तेव्हा त्याच्या स्वतःच्या लायसन्समध्ये अट होती की पैसे घ्यायचे नाहीत, फ्लॉपी भरून देण्याचे सुद्धा नाहीत. वागायला किती साधा, सज्जन नियम वाटतो. पण मग लोक म्हणायला लागले की आम्ही आमच्या मंडळात फ्लॉप्या भरून वाटतो, निदान फ्लॉपीचे आणि वेळेचे तरी घेऊ दे. १९९२ मध्ये त्याने ती अट काढली आणि जीपीएल लावलं. त्यानंतर लिनक्स घरोघर गेलं. माझ्यासारखी पोरं रात्री बसून चार-चार सीडी लिहायला लागली ती त्या बदलामुळेच. पैसे घ्यायला बंदी असती तर मी एखाद-दुसऱ्या मित्राला दिली असती आणि थांबलो असतो.

मराठीत खरं तर आपली सोय आहे. इंग्रजीतला फ्री शब्द दोन्हीकडे चालतो, किंमत नसलेलं ते फ्री आणि बंधन नसलेलं तेही फ्री, आणि त्या बिचाऱ्यांना चाळीस वर्षं हे समजावून सांगत बसावं लागतंय की आम्ही किमतीबद्दल बोलत नाही आहोत. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मोकळं वेगळं. फुकटची पुडी आणि मोकळं माणूस यात गोंधळ होणारं पोर इंदूरच्या मराठी घरात सापडणार नाही. पण आपण दुकानात फ्री म्हणतो, लॅबमध्ये फ्री म्हणतो आणि तो गोंधळ उगाच स्वतःकडे ओढून घेतो. काकूंच्या नातीने फ्री म्हटलं, काकूंनी त्याचं फुकट केलं, आणि मी फुकटचं उत्तर देत बसलो. मोकळं होतं का, हे कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तर देणं अवघड होतं. काकूंचा प्रोग्राम जीपीएलचा, आणि जीपीएलमध्ये प्रोग्राम ज्याच्या हातात दिला त्याला त्याचा सोर्स कोड मिळायचा हक्क असतो, तो बदलायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क असतो. तो हक्क त्या मूळ लेखकाने जगातल्या कोणाही काकूंना आधीच देऊन ठेवला होता. काकूंनी बावीस हजार दिले आणि बदल्यात तो हक्क त्यांच्याकडून गेला, तोही त्यांना न कळता. २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेला लोणच्याचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. मी गेलो, एक आकडा बदलला, चहा प्यायलो, पाचशे रुपये घेतले. तो आकडा जिथे होता ती जागा मी बंद करून ठेवली नसती तर ती पोरगी बदलू शकली असती.

मी असं का केलं ते मला पक्कं आठवतं. काकूंच्या आधी सियागंजातल्या एका व्यापाऱ्याला असाच प्रोग्राम बसवून दिला होता, तेव्हा सगळं उघडं ठेवलेलं, नाव, लायसन्स, कोड. त्याच्या ओळखीच्या एका मुलाने ते फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि त्याच गल्लीत तीन दुकानांत लावून दिलं. जीएसटीचं सगळं मी केलेलं, माझ्या पंधरा रात्री. मला कळलं तेव्हा मी घरी येऊन रडलो नाही एवढंच. मुलगी तेव्हा पहिलीत जायची होती, फी भरायची होती. मग ठरवलं की आता बंद. आता लायसन्स वाचताना दिसतं की त्या मुलाने काहीही गैर केलं नव्हतं, मी जे वरून उतरवून घेतलं तेच त्याने माझ्याकडून घेतलं. हे पटतं मला. आणि तरी तो मुलगा कधी राजवाड्याकडे दिसला की पोटात काहीतरी आवळतं. दोन्ही खरं आहे, आणि मी ते एकमेकांशी जुळवायचा प्रयत्न सोडून दिलाय.

मोठ्या कंपन्यांनी यातून वाट काढलीच नाही असं नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत तिघांनी सिग्नस नावाची कंपनी काढली, मुक्त सॉफ्टवेअर परवडेल असं करणं हे त्यांचं घोषवाक्य होतं. ग्नूचा सी कम्पायलर, म्हणजे लिहिलेला कोड चिपला कळेल असा करून देणारा प्रोग्राम, जो कोणीही फुकट घेऊ शकत होता, तो नव्या नव्या चिपवर चालवून देणं, चुका दुरुस्त करणं, रात्री फोन उचलणं, याचे ते पैसे घ्यायचे. १९९९ मध्ये रेड हॅटने ती घ्यायचं जाहीर केलं, आणि रेड हॅटला पुढे २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला घेतलं. ज्या गोष्टीचा कोड कोणालाही वाचता येतो तिच्याभोवतीच्या सेवेची एवढी किंमत. एसक्यूलाइट या माहिती साठवायच्या छोट्या प्रोग्रामचं मला त्याहून नवल वाटतं. काकूंचा सगळा हिशेब त्यातच आहे, तुमच्या फोनमध्येही तेच आहे. त्याच्या लेखकांनी हक्कच सोडून दिलेत, कोणाचीच मालकी नाही. आणि तरी काही कंपन्यांना कागद लागतो, म्हणून ते एक हमीपत्र विकतात, की हे खरंच कोणाचं नाही आणि तुम्ही निर्धास्त वापरा. हमी विकायची. जीपीएलच्या मूळ मजकुरातही हे आहेच, एका बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलंय की कसलीही हमी नाही, आणि दुसऱ्या बाजूला हेही की हमी द्यायची असेल तर तिचे पैसे खुशाल घ्या. काकूंना मी खरं तर हेच विकलं होतं. रविवारी फोन केला तरी येईन, एवढी हमी. त्याला नग १ म्हणायची काय गरज होती?

पण पेटीवाले आणि तबलेवाले? ते पाकीट मी कधी उघडलंच नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं तेव्हा सगळ्यांना कळलं की निम्मं इंटरनेट सुरक्षेसाठी ज्या ओपनएसएसएल या मोकळ्या प्रोग्रामवर उभं होतं त्याला वर्षाला देणग्या जेमतेम २,००० डॉलर मिळत होत्या. मी तेव्हा हळहळलो, चार मित्रांशी बोललो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलचं झालं. अनेक वर्षं जवळजवळ एकट्याने ते छोटं टूल सांभाळणारा माणूस थकलेला, स्वतःच्या प्रकृतीबद्दल त्याने उघड लिहिलेलं, लोक मात्र नवी आवृत्ती कधी म्हणून मागे लागलेले, आणि मदत करतो म्हणत एक जण आत शिरला आणि त्याने चोरून आत शिरायला मागचं दार बसवलं. कोणाला तरी लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि त्याने खणून काढलं म्हणून जग वाचलं. ते वाचताना मला त्या थकलेल्या माणसाच्या जागी आमचे तबलेवाले काका दिसले होते, शेवटच्या वर्षांत बोटं आखडायची त्यांची आणि तरी संध्याकाळी सहाला देवळात हजर. आजोबा त्यांना पाकीट द्यायचे ते दोन्ही हातांनी. ज्याचा प्रोग्राम घेऊन मी आठ वर्षं घर चालवलं त्याच्या पानावर देणगीचं बटण आहे. मी कितीतरी वेळा ते पान उघडलं असेल, नवी आवृत्ती उतरवायला. ते बटण मला दिसत होतं.

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी काकूंकडे गेलो. त्याआधीच्या रात्री बसून ती छोटी खिडकी परत आणली, त्यात मूळ नाव वर, खाली ओळ घातली की भारतातल्या जीएसटीसाठी बदल मी केले, २०१७ पासून. लायसन्सची फाइल परत ठेवली. कोड पेन ड्राइव्हवर घेतला. देणगीही पाठवली, किती ते सांगत नाही, आठ वर्षांच्या मानाने थोडीच होती. आणि एक नवीन बिल केलं, या वर्षाच्या कामाचं. प्रोग्रामची किंमत शून्य. येणं-जाणं, बदल, बॅकअप, फोन, वर्षाचे ४,०००. काकूंना सगळं सांगितलं, नाव मी काढलं होतं हे पण. सांगताना घसा कोरडा पडला. त्यांनी ऐकून घेतलं. मग बिल हातात घेऊन बोटाने एकेक ओळ वाचली आणि म्हणाल्या, "हे आधी असंच लिहिलं असतंस तरी मी दिलेच असते रे." आणि मग, "साडेतीन कर." मी साडेतीन केले.

पेन ड्राइव्ह नातीने घेतला. दुपारभर ती बसली होती, मी एकीकडे जुना बॅकअप तपासत होतो आणि मला वाटलं ती नुसती चाळतेय. मधेच तिने विचारलं, "काका, बिलावर सगळं इंग्लिशमध्येच का येतं?" काकू आतून म्हणाल्या, "त्याला विचार. आठ वर्षं म्हणतोय, प्रिंटरला मराठी येत नाही." जुना प्रिंटर होता तेव्हा ते खरंच अवघड होतं, पण पुढे मी कधी बघितलंही नव्हतं, जाऊन सांगायचो आणि त्या ऐकायच्या. पोरीने कुठून तरी मुक्ता फॉन्ट उतरवला, तोही मोकळाच, ज्या फाइलमध्ये बिलाचा नमुना होता ती शोधली, दोनदा काहीतरी मोडलं, मला विचारलं, परत बसवलं. चारच्या सुमाराला प्रिंटरने कुर्र केलं आणि अरुंद कागदाची पट्टी बाहेर आली. वर काकूंच्या घरगुती उद्योगाचं नाव देवनागरीत, खाली मालाची यादी.

काकू हात पुसत आल्या. पट्टी खिडकीशी नेऊन, लांब धरून वाचली.

"अगं, मेतकूट. कू दीर्घ."

नातीने खुर्ची पुढे ओढली आणि परत टाइप करायला लागली.